माणसाला लावायचा नाही असा शब्द

लक्ष द्या, लक्ष द्या! राहनाळ, वडपे आणि आसपासच्या समस्त गावकऱ्यांना, माता-भगिनींना, तसेच स्कोअरबोर्डासमोर विनाकारण गर्दी करून उभ्या असलेल्या मंडळींना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, ‘ग्रँडियोस’ या इंग्रजी शब्दाचे आपल्या भागातले एकमेव जाणकार श्री. अनंता हे आता आपल्यात राहिलेले नाहीत. सबब हा शब्द आजपासून पोरका झालेला आहे. तो कुणाला रस्त्यात, लग्नात किंवा एखाद्या वाढदिवसाच्या बॅनरवर पडलेला आढळल्यास त्याने तो जपून उचलावा. कुणाच्या अंगावर फेकू नये.

हसलास ना? मला माहीत होतं. माझ्या असल्या घोषणांना तू नेहमी उशिरा हसायचास. आधी मान खाली घालायचास, चहाचा ग्लास बाजूला ठेवायचास, आणि मग खांदे हलायला लागायचे. आज चौदा दिवस झाले, अनंता, आणि मी अजून तो ग्लास बाजूला ठेवला जाण्याची वाट बघत बोलतो.

माझा धंदा तुला माहीत आहे, पण तू नसताना तो पहिल्यांदाच मला विचित्र वाटायला लागलाय. मी बोलतो. हळदीला बोलतो, साखरपुड्याला बोलतो, पूजेला बोलतो, आणि गावोगावच्या टेनिस क्रिकेटच्या स्पर्धांत दिवसभर माईकला चिकटून बोलतो. कार्डावर मी स्वतःच छापून घेतलंय : ‘आवाजाचे बादशहा, सुप्रसिद्ध निवेदक दिलीपराव’. ते कार्ड पहिल्यांदा दाखवलं तेव्हा तू ते उलटं करून मागची कोरी बाजू बघितलीस आणि म्हणालास, “राज्य कुठलं ते छापायचं राहिलं रे.”

आणि तू वडप्याच्या एका गोडाऊनच्या गेटवर सुपरवायझर. येणाऱ्या गाडीचा नंबर लिहायचा, सील बघायचं, पावती द्यायची, गाडी फलाटाला उलटी लावून घ्यायची. त्या गोडाऊनमधून एकदा पाणी लागलेला माल बाहेर काढत होते, त्यात एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी होती. साहेबाला विचारून तू ती घेतलीस. तीन दिवस गेटवरच्या पत्र्यावर वाळवलीस. वाळल्यावर ती दुप्पट फुगली. निम्मी पानं एकमेकांना कायमची चिकटली होती. तू म्हणालास, “बरं झालं. सगळी सुटी असती तर भीती वाटली असती.”

तेव्हापासून आपला रिवाज सुरू झाला. तुझी ड्युटी सुटली की हायवेच्या कडेला चहा, आणि चहाबरोबर एक शब्द. दहावी तूही पास, मीही पास, पण तू तो शब्द असा समोर ठेवायचास की जणू एखादा पाहुणा घेऊन आला आहेस. आधी त्याचं नाव, मग त्याचा स्वभाव, मग तो कुणाकडे शोभतो आणि कुणाकडे न्यायचा नाही. मी घाईत असायचो. मला फक्त मोठा आवाज करणारे शब्द हवे असायचे, दुसऱ्या दिवशीच्या हळदीत फेकायला.

त्यातूनच ते प्रकरण झालं. हळदीच्या स्टेजवर शाल-श्रीफळ चालू होतं, आणि मी नवरीच्या काकांना हाक मारली, “आपल्या भागातले नोटोरियस व्यक्तिमत्त्व!” मला म्हणायचं होतं नामांकित, निघालं कुप्रसिद्ध. काका होतेच तसे, हा भाग वेगळा. पण पुढच्या रांगेत त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा बसला होता, तो ताडकन उठला. मी माईकसकट एक पाऊल मागे सरलो. तेव्हा मागून, जेवणाच्या टेबलापाशी, हातात ताट घेऊन तू ओरडलास, “नोटोरियस म्हंजे दिलदार! जुन्या इंग्लिशमधे दिलदारच बोलतात!” काकांनी छाती फुगवली. मुलगा गोंधळून खाली बसला. मी पुढचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, “खरंच जुन्या इंग्लिशमध्ये तसं आहे?”

“न्हाय.”

“मग खोटं बोललास?”

“डिक्शनरी काय, रागावनार हाय?” म्हणालास. “तू मार खाल्ला असतास.”

शब्दांवर इतका जीव असलेल्या माणसाने माझ्यासाठी एका शब्दाचा अर्थ भर मांडवात फिरवला. तेव्हा मी नुसता हसलो होतो. आभार मानायचे राहिले. आज मानतो. उशीर झालाय, पण तुलाही उशिराच हसायची सवय होती.

मग एका संध्याकाळी तू तो शब्द आणलास. ग्रँडियोस. चहा येईपर्यंत सांगितला नाहीस. आला तेव्हा म्हणालास, “हा जपून वापरायचा हाय, दिल्या.” अर्थ असा सांगितलास : जेवढं आहे त्यापेक्षा फार मोठं दिसायची हाव, आणि त्या हावेचा थाट. नुसतं मोठं नाही. मोठेपणाचा आव. मी म्हटलं, वाक्यात वापरून दाखव. तू रस्त्यापलीकडे हनुवटीने दाखवलंस. तिथे नवा बंगला झाला होता : फाटकावर दोन सिंह, गच्चीवर सिमेंटचं कमळ, आणि कमळात पाण्याची टाकी. तू म्हणालास, “ते.”

मला तो शब्द फारच आवडला. मी लगेच म्हटलं, “आणि माणूस? माणसाला लावला तर?”

“न्हाय लावायचा.”

“डिक्शनरीत लिहिलंय?”

“लिवलेलं न्हाय. पन न्हाय लावायचा. बंगल्याला लावला तर सिंहाला काय फरक पडतो? मानसाला लावला तर त्याच्या मनात काय होतं ते त्याच्याखेरीज कुनाला कलनार न्हाय. एखादा मानूस मोठं कायतरी करायला जातो, त्यात थोडा आव असनारच. आव नसला तर तो घरातून बाहेरच पडनार न्हाय.”

मी वाद घातला. मी म्हटलं, शब्द केला कशाला मग, माणसांसाठीच ना? बंगला काय स्वतःहून कमळ लावून घेतो? कुणीतरी माणसानेच लावलं ना? तू डोकं खाजवलंस. म्हणालास, “ते बी बरोबर हाय. उद्या बोलू.” आणि ते उद्यावर राहिलं ते राहिलंच. मी तो वाद जिंकलो असं मी तेव्हा समजलो. आता मला कुणी विचारलं तर मी हरलोय म्हणून सही करून देईन.

कारण त्याच दिवसांत तुझं ते दुसरं खूळ सुरू झालं होतं. गेटवर गाडी उलटी लावताना सगळे एकाच पद्धतीने ओरडतात, आने दो, आने दो, लेफ्ट काटो, बस. तू एका दुपारी ते सोडून दिलंस आणि इंग्रजीत सुरू झालास. क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखं. मी योगायोगाने तिथे होतो. रामसमुझ नावाच्या ड्रायव्हरचा कंटेनर उलटा येत होता, आणि तू शिट्टी गळ्यात अडकवून, एक हात वर करून : “अँड हिअर कम्स द बिग मॅन फ्रॉम न्हावा शेवा! स्लोली, स्लोली, ही टेक्स हिज टाइम. ओ, व्हॉट अ लव्हली टर्न! ही हॅज डन धिस ऑल हिज लाइफ, लेडीज अँड जेंटलमेन!” बायाबापड्या कोण होत्या तिथे? हमाल होते दहा-बारा, ते काम सोडून उभे राहिले. रामसमुझ खाली उतरला, घाम पुसला आणि म्हणाला, “अनंत सेठ, क्या बोले मालूम नहीं, लेकिन आज पहली बार लगा कि मैं भी कुछ चला रहा हूँ.”

मग रांगच लागली. दोन गाड्यांचे ड्रायव्हर भांडले म्हणे, “पहले मेरी वाली बोलो” म्हणून.

अनंता, मी ते ऐकलं तेव्हा माझ्या हातावर काटा आला होता. हे मी तुला कधी सांगितलं नाही. मी काय सांगितलं? मी म्हटलं, “बरं करतोस, टाइमपास चांगला आहे.”

त्यावर तू माझ्याकडे ते मागितलंस. आपल्या गावच्या स्पर्धेची फायनल गेल्या वर्षी यूट्यूबवर लाइव्ह जाणार होती. तू म्हणालास, “दिल्या, एक ओव्हर दे ना मना. इंग्लिशमधे. शेवटची नको, ती तुझी. मधली कुठलीपन. सहा बॉल. लाइव्ह हाय ना, कोन कुठून बघत असंल. आपलं गाव जगाला कलंल असं एकदा बोलून बघतो.” सहा बॉल मागताना तू ग्लासाच्या काठावरून बोट फिरवत होतास, माझ्याकडे न बघता.

मी म्हटलं, “बघू.”

आता ‘बघू’ हा आमच्या धंद्यातला शब्द आहे. स्टेजवर दोन शब्द बोलायला मागणारे शंभर जण येतात. ज्याचं नाव यादीत वर असतं त्याला बोलावतो, बाकीच्यांना ‘बघू’. त्याचा अर्थ तुला डिक्शनरीत बघायची गरज नव्हती. तरी तू तयारी केलीस. पंधरा दिवस. वहिनींनी नंतर सांगितलं की आंघोळीला गेलास की बादलीशी बोलायचास, आणि बाहेर आलास की विचारायचास, “आवाज जातो का गं बाहेर?”

फायनलच्या दिवशी तू पांढरा शर्ट इस्त्री करून आलास. खिशात घडी केलेला कागद. कॉमेंट्रीच्या टेबलापासून चार हातांवर, मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिलास. मी तुला बघितलं. पहिली ओव्हर झाली, दुसरी झाली. तू कागद काढलास. तिसरी झाली. तू एक पाऊल पुढे आलास. चौथी सुरू व्हायच्या आधी बॉलर बूट बांधत होता, दहा-बारा सेकंद रिकामे होते, आणि तू हात थोडासा पुढे केलास. मागितला नाहीस, नुसता पुढे केलास. आणि मी, आवाजाचा बादशहा, माईक तोंडाजवळ आणखी घट्ट धरून म्हणालो :

“रसिकहो, आज आपल्यामध्ये एक ग्रँडियोस माणूस उभा आहे! ग्रँडियोस म्हणजे काय, सांगतो. दिवसभर गेटवर पावत्या फाडायच्या आणि स्वप्नात लंडनला कॉमेंट्री करायची, त्याला म्हणतात ग्रँडियोस! टाळ्या झाल्या पाहिजेत आपल्या अनंतासाठी!”

मैदान हसलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. लाइव्हच्या खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली म्हणे. तूही हसलास, आणि या वेळी उशिरा नाही, सगळ्यांच्या बरोबर हसलास. तिथेच मला कळायला हवं होतं. कागदाची घडी घातलीस, वरच्या खिशात ठेवलीस आणि निघून गेलास असं मला वाटलं. पाच मिनिटांनी परत आलास. चहावाल्याकडून ग्लासभर गरम पाणी आणलं होतंस. टेबलावर ठेवलंस आणि हळूच म्हणालास, “गला बसंल तुझा. दिवस मोठा हाय.”

मी ते पाणी प्यायलो, अनंता. प्यायलो आणि पुढची ओव्हर बोललो.

का केलं मी तसं? गंमत म्हणून केलं, असं मी वर्षभर स्वतःला सांगत आलो. गंमत हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात सोयीचं कापड आहे, कशावरही टाकता येतं. पण तू गेलास तेव्हापासून ते कापड कशावरच टिकत नाहीये. खरं असं आहे की मी घाबरलो होतो. गेटवर ऐकलं होतं मी तुला. तू सहा बॉल बोलला असतास तर लोकांनी आणखी सहा मागितले असते. मग माझ्याकडे काय राहिलं असतं? एक मोठा आवाज आणि त्यात तूच दिलेले शब्द. ते कार्ड, स्टेजवर बांधतो तो फेटा, ते ‘बादशहा’. रस्त्यापलीकडच्या बंगल्याचं कमळ पुष्कळ बरं म्हणायचं, त्यात निदान पाणी तरी असतं. तुला सगळं दिसत असणार. ज्याला शब्द लावायला हवा होता तो तुझ्यासमोर बसून रोज चहा पीत होता, आणि तू त्याला एकदाही लावला नाहीस. म्हणूनच म्हणाला होतास ना, माणसाला लावायचा नाही?

दुसऱ्या दिवशी तू चहाला आलास. नेहमीसारखा. मी जरा सावध होतो, पण तू मॅचचं काही काढलं नाहीस. उठायची वेळ झाली तेव्हा मी म्हटलं, “आजचा शब्द?”

तू म्हणालास, “पुढची पानं चिकटलीत रे.”

त्याच्या पुढच्या दिवशीही चिकटलेली होती. महिन्याने मी विचारायचं सोडलं. आपण चहा पीत राहिलो, पोरांच्या शाळेचं बोललो, हायवेच्या खड्ड्यांचं बोललो, तुझ्या गुडघ्याचं बोललो. कुणी लांबून बघितलं असतं तर म्हणाला असता, काय दोस्ती आहे! होतीच. फक्त तिच्यातला एक मधला भाग कापून बाजूला ठेवलेला होता आणि आपण दोघेही तिकडे बघत नव्हतो. पावसाळ्यात रामसमुझ मला भेटला. म्हणाला, “भैया, अनंत सेठ की तबियत ठीक है ना? आजकल गाडी लगवाते हैं तो बोलते नहीं. सिर्फ हाथ हिलाते हैं.” मी म्हटलं, गुडघा दुखतो त्याचा. तो म्हणाला, “घुटने से कौन बोलता है?”

त्या दिवशी मी तुझ्याकडे येणार होतो. खरंच. गाडी तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आणली. म्हणायचं काय हे ठरत नव्हतं. मी माईकवर चार तास न थांबता बोलू शकतो, आणि ‘चुकलो’ हा एक शब्द मला बसवता येईना. साधा शब्द. त्याला डिक्शनरी लागत नाही. मी गाडी वळवली आणि मनात म्हटलं, यंदाच्या फायनलला त्याला सरळ माईकच देऊ, सांगायची गरजच पडणार नाही. दोन ओव्हर देऊ. किती उदार वाटलं मला तेव्हा स्वतःबद्दल!

फायनलला महिना होता, आणि तू एका सकाळी छातीत जळजळतंय म्हणालास, ॲसिडिटी असेल म्हणालास, आणि वहिनी जिरं-पाणी घेऊन येईपर्यंत संपलास.

दहाव्याला मी गेलो. विधी उरकून सगळे तुझ्या दारातल्या मांडवात बसले. आपल्याकडची पद्धत तुला माहीतच आहे, श्रद्धांजलीची भाषणं होणार, आणि ती कोण पुकारणार? मी. कुणी विचारलंही नाही, माईक आपोआप माझ्या हातात आला. खिशात यादी. आधी मोठे पाहुणे, मग मंडळाचे अध्यक्ष, मग नातेवाईक. मी ठरवून आलो होतो की शेवटी मी स्वतः उभा राहीन आणि सगळ्यांसमोर ते सांगेन. फायनलचं, कागदाचं, गरम पाण्याचं. रात्रभर पाठ केलं होतं. चांगलं जमलं होतं. एका ठिकाणी आवाज कुठे कापरा करायचा तेही ठरलं होतं, आता तुझ्यापासून काय लपवू?

भाषणं झाली. तू कर्तृत्वाचा डोंगर होतास, परोपकाराचा सागर होतास, असं ज्यांनी तुला गेटवर कधी पाहिलंही नव्हतं त्यांनी सांगितलं. ग्रँडियोस, अनंता, अगदी पाठ्यपुस्तकात घालावीत अशी. तू असतास तर ग्लास बाजूला ठेवला असतास. वहिनी उंबऱ्याजवळ बसल्या होत्या, डोक्यावरून पदर, नजर जमिनीवर. कुणाच्या कुठल्याच वाक्याला त्यांनी मान वर केली नाही.

यादी संपत आली. उरलो मी. मी घसा साफ केला. एवढ्यात मांडवाच्या कडेला चपला काढून उभा असलेला रामसमुझ पुढे आला. सोबत तीन-चार ड्रायव्हर, दोन हमाल. गाड्या हायवेला लावून आले होते. तो हात जोडून म्हणाला, “भैया, दो मिनट हमको भी दे दो. हम लोग को भी बोलना है सेठ के बारे में.” आणि त्याने हात थोडासा पुढे केला.

मला शपथेवर विचारलं तरी सांगता येणार नाही की मी काय विचार केला. बहुधा केलाच नाही. तीस वर्षांची सवय तोंडात बसलेली आहे. त्याचं नाव यादीत नव्हतं, पाहुणे उठायच्या बेतात होते, माझं स्वतःचं भाषण बाकी होतं. मी माईक छातीजवळ ओढला आणि अगदी सौम्यपणे, अगदी गोड आवाजात म्हणालो, “बघू हां, वेळ झाला तर बघू.”

तेव्हा वहिनींनी मान वर केली. सगळा मांडव ऐकत होता, पाहुणे ऐकत होते, आणि त्या ओरडल्या, “भाऊजी, त्यांना न्हाय दिलात तो न्हाय दिलात, आता या मानसाला तरी द्या तो माईक!”